हळदीचं पाणी

दोन हजार पाचच्या आसपास पुण्याजवळ भुकूमला रो-हाउस बघायला गेलो होतो. निम्म्या घरांत माणसं राहायलाही आली होती. पावसानं उघडीप दिलेली. वरच्या मजल्यावर मी नि बायको खिडकीतून डोंगर बघत होतो, आणि तेच घर बघायला आलेली एक बाई संडासात वाकून उभी होती. बोलण्यावरून लातूरकडची वाटली. तिनं पर्समधून हळदीची पुडी काढली, बादलीभर पाण्यात कालवली आणि मला म्हणाली, "दादा, मी खाली गेले की हे ओता."

मी ओतलं. खाली येऊन बघतो तर ती मागच्या अंगणात ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण सरकवून उकिडवी बसलेली. चेंबर कोरडं ठणठणीत.

बिल्डरचा माणूस खूश झाला. "बघा मॅडम, किती स्वच्छ!"

ती उठली. पदर खोचून, चपला हातात घेऊन कुंपणापलीकडच्या भातखाचरात उतरली. बांधाखालून पिवळं पाणी झिरपत होतं आणि त्याच खाचरात एक म्हातारी लावणी करत होती.

"मावशी, आधी बाहेर या. हे संडासाचं पाणी आहे."

"व्हय? वास येतोय लई दिसांपास्नं. आमाला वाटलं, खताचाच हाय."

बिल्डरच्या माणसानं आवाज खाली आणला. "पण मॅडम, तुमच्या घरात तर काही येत नाही ना?"

पोटऱ्यांपर्यंत चिखलात उभी राहून तिनं त्याच्याकडं पाहिलं.

"घरात येत नाही, म्हणूनच तर कुठं जातं ते बघत होते."

समोर अख्खा डोंगर होता, तरी मी तिच्याकडंच बघत राहिलो.