येतो म्हणणारं इंजिन

माझा साडू चांगला माणूस आहे, हीच माझी त्याच्याबद्दलची मुख्य तक्रार. वाईट असता तर शिव्या देऊन मोकळा झालो असतो. तो नागपूरला कंपनीत साहेब, मी आदिलाबादला मोटार वाइंडिंगच्या दुकानात तांब्याच्या तारांत हात घालून बसलेला. सासुरवाडी आदिलाबादजवळ बेल्याला. वयानं आम्ही जवळपास सारखेच, पण त्यानं थोरली केली आणि मी धाकटी. म्हणून तो ‘मोठे जवाई’ आणि मी ‘लायने जवाई’. चहाचा पहिला कप नेहमी त्याच्या हातात जायचा. हसू नका, ज्याला दुसरा कप मिळतो त्यालाच ते कळतं.

सासऱ्यांचं किराणा दुकान होतं. लहानपणी निजामाचं राज्य पाहिलेलं, मग आंध्र आलं, आणि त्यांच्या म्हातारपणी तेलंगणा झालं. ते म्हणायचे, “म्या गल्ला सोडला नाई, सरकारंच बदलून राह्यले.” त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. वाईट वाटायचं ते आदिलाबादची रेल्वेची छोटी लाइन उखडून मोठी टाकली त्याचं. तरुणपणी दुकानाचा माल सोडवायला ते स्टेशनावर जात आणि वाफेचं इंजिन निघेपर्यंत मुद्दाम थांबत. एकदा जेवताना म्हणाले, “तो आवाज मंग कानावर नाई आला बाप्पा.” मी तिथंच ठरवलं की त्यांना ते इंजिन करून द्यायचं, आणि एकदा तरी पहिला कप आपण घ्यायचा.

पितळी पत्रा कापून, कथिलाचे डाग देऊन जोडून, वीतभर इंजिन केलं. मागं कोळशाचा डबा, आत खेळण्यातली मोटर. दुकान बंद केल्यावर त्यातच असायचो. बायकोला बजावलं होतं, कुणाला सांगू नको. तिनं कुणालाच सांगितलं नाही, फक्त बहिणीला सांगितलं.

नवं राज्य झालं त्याच्या दुसऱ्या वर्षी धोंड्याचा महिना आला. या महिन्यात जावयानं सासरी जाऊन पुरणाचे धोंडे खायचे, अनारसे घ्यायचे, कापड घ्यायचं, आणि संकोच वाटल्यासारखं दाखवायचं. आम्ही दोघे एकाच दिवशी पोचलो. माझं इंजिन पिशवीतच होतं तोवर साडूनं खोका उघडला. आत परदेशी इंजिन, चकचकीत काळं, रुळांसकट. त्यानं कळ दाबली आणि बैठकीत भकभक सुरू झाली. शिट्टी वाजली, ब्रेक किंचाळले, कोळसा टाकायचं फावडं सुद्धा खरखरलं. शेजारपाजारचे दारात गोळा झाले. मी माझी पिशवी पायानं मागं सरकवली.

मग बायकोनं माझी पिशवी पुढं केली. माझं इंजिन त्याच्याच रुळांवर ठेवावं लागलं. ते धावलं, छान धावलं, पण मोटरची बारीक गुणगुण सोडली तर चूप. सासूबाईंनी जरा वाट पाहिली आणि विचारलं, “मुकं हाय काय जी हे?” सगळे हसले. साडू हसला नाही. “हातानं केलंय हो, सोपं नाही,” असं म्हणून त्यानं माझी बाजू घेतली. त्याचं हे बाजू घेणं मला जास्त लागलं.

सासरे मात्र त्याच्या इंजिनाजवळ कान नेऊन बसले होते. बराच वेळ ऐकून म्हणाले, “आवाज झकास हाय. पण हे बोलते काय, समजून नाई राह्यलं. आपली गाडी निंगे तं ‘येतो, येतो’ म्हने. जातो नाई म्हने कदी.”

घरातून निघताना जातो म्हणायचं नाही, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक. इंजिनालाही तीच शिस्त असेल असं मला कधी सुचलं नव्हतं. साडूलाही नव्हतं, आणि मला तेवढं पुरेसं होतं.

घरी येऊन मी आवाजाच्या मागं लागलो. बोटाच्या पेराएवढा आवाजाचा बोर्ड मागवला, त्यात नखाएवढं कार्ड, आणि मोबाइलमधून निघतो तसला बारका स्पीकर. नुसता स्पीकर लावला तर डास गुणगुणल्यासारखा वाजायचा. त्याच्या मागं हवाबंद डबी लागते, मगच आवाजाला पोट येतं. औषधाच्या बाटलीचं बूच कापून ती केली आणि कोळशाच्या डब्यात बसवली. चाकाला चिमुकलं लोहचुंबक चिकटवलं, खाली स्विच ठेवला, म्हणजे चाकाच्या दर फेऱ्याला आवाज सुटेल. वाफेचं इंजिन चाकाच्या एका फेऱ्यात चार वेळा भक् करतं, आणि ‘येतो, येतो’ म्हणजे चारच ठोके. हे जुळलं तेव्हा मी दुकानात एकटाच खुर्चीवरून उठलो.

पण आवाज आणायचा कुठून? छोट्या लाइनचं इंजिन आता कुठं मिळणार? शेवटी सासऱ्यांकडेच गेलो, मोबाइल पुढं धरला आणि म्हटलं, ते कसं बोलायचं ते करून दाखवा. आधी लाजले. मग डोळे मिटून, छाती भरून, जड माल ओढल्यासारखं हळूहळू काढू लागले. “येऽऽ तोऽऽ, येऽ तोऽ, येतो येतो येतो…” शिट्टी दिली आणि खोकल्याची उबळ आली.

आमच्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले त्या दिवसांत मी इंजिन घेऊन बेल्याला गेलो. योगायोगानं साडूही आलेला होता. इंजिन निघालं. सासऱ्यांनी कान दिला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“याले दमा झाला काय?”

“बाबा, तुमचाच आवाज हाय तो,” बायको म्हणाली.

त्यांनी कान आणखी जवळ नेला. मग म्हणाले, “पुन्ना लावा.” सेल संपेपर्यंत पुन्हा पुन्हा लावायला लावलं. चहा आला. पहिला कप साडूच्या हातात गेला.

त्याचं इंजिन शोकेसमध्ये काचेमागं राहिलं आणि माझं खाटेजवळच्या खिडकीत. मी जळफळत होतो. सासूबाई म्हणाल्या, “ते हाताजवळ लागते त्याईले.” हा मान आहे हे मला समजत होतं, तरी शोकेस ती शोकेस.

पुढच्या उन्हाळ्यात सासरे गेले. तेरवीनंतर सासूबाईंनी ज्याचं त्याला इंजिन परत दिलं. साडू मला अंगणात बाजूला घेऊन म्हणाला, “तो आवाज मला देता का? माझं नुसतं इंजिनासारखं वाजतं.” त्याचे डोळे भरले होते. नाही कसं म्हणणार? मोबाइलवरून पाठवून दिला.

दिवाळीला नागपूरला गेलो. त्यानं मोठ्या हौशीनं गाडी लावली. माझ्या बुचातल्या स्पीकरमध्ये खरखर आहे. त्याच्यात सासरे इतके स्वच्छ ऐकू आले की श्वास घेतलेला सुद्धा कळत होता. माझी बायको पदर तोंडाशी धरून उभी राहिली. आमच्या घरी ती अशी कधी उभी राहिली नव्हती. आवाज मी आणला, कापला, जुळवला, आणि सासरे जिवंत झाले ते याच्या घरी!

घरी आल्यावर बायकोनं आमचं इंजिन काढलं आणि लावलं. ते खरखरत फिरलं आणि थांबलं. ते थांबलं की कार्डावरचा शेवटचा तुकडा वाजतो, रेकॉर्डिंग बंद करायच्या आधी राहून गेलेला आणि सासरे गेल्यावर मी त्यात घातलेला. आधी खोकला, मग सासऱ्यांचा आवाज: “झालं काय, लायने जवाई?”

तेवढा तुकडा मी साडूला दिलेला नाही. आणि बायकोनंही या वेळी बहिणीला सांगितलेलं नाही.