टिश्यू जास्त

माझ्या मावशीला दुकानात सगळे 'कान' म्हणत. अकरा वर्षं तिने बर्गरच्या एका दुकानात डोक्याला हेडफोन लावून काढली. बाहेर गाड्यांची रांग असते. गाडीवाला काच खाली करून खांबावरच्या माइकमध्ये बोलतो, आणि आत फ्रीजरच्या दाराशेजारी स्टुलावर बसलेली मावशी ते ऐकून बटणं दाबते. पैसे घ्यायच्या खिडकीत दुसरी मुलगी, पाकीट द्यायला तिसरी. त्यामुळे मावशीला ना गाडी दिसायची ना माणूस. तिच्या वाट्याला फक्त आवाज.

"गिऱ्हाइकाला नावं ठेवू नयेत," असं ती म्हणायची आणि ठेवायचीच. एक होत्या 'मुलांसाठी हवंय'. त्यांची मुलं परदेशी राहतात हे त्यांच्याच फोनवरच्या बोलण्यातून मावशीला कळलेलं. एक होता 'बर्फ नको'. पण तिचा सगळ्यात लाडका 'टिश्यू जास्त'. आठवड्यातून तीनदा यायचा, डबल बर्गर आणि मोठे फ्राइज मागायचा, आणि शेवटी मावशीने "आणखी काही?" विचारलं की आवाज खाली आणून म्हणायचा, "टिश्यू जास्त."

"गाडीतच खातो बिचारा," मावशी सांगायची. "हात, तोंड, स्टिअरिंग, सगळं पुसून मग घरी जात असणार."

दुकानाला गाड्यांच्या खिडकीखेरीज बसायची एक खोलीही आहे. बारा टेबलं. तिथे माझी आई बसते. आई लाँड्रीत हॉस्पिटलच्या चादरींना इस्त्री करते, सकाळी सहा ते दुपारी दोन, उभ्याने. आमचं घर म्हणजे एक खोली, आणि त्या खोलीत बाबा रात्रपाळी करून पाच वाजेपर्यंत झोपलेले. भांडं वाजलं तरी दचकून उठतात. म्हणून बुधवारी आणि शनिवारी आई फ्राइजचं सगळ्यात छोटं पाकीट घेते आणि खांबाजवळच्या टेबलाशी पाय लांब करून दोन तास बसते. ते खाणं काही अमृत नाही, हे तिला कळतं. तिला कोणी शिकवायची गरज नाही.

आता माझा पराक्रम ऐका. नगर कार्यालयाच्या आरोग्य विभागात मी कंत्राटावर सर्वेक्षणाचं काम करत होते. कोणत्या उत्पन्नाचं कुटुंब किती वेळा फास्ट फूड खातं, त्यावर किती खर्च करतं, असे दोनशे फॉर्म दहा दिवसांत भरायचे होते. मी इमानदारीत आधी बंगल्यांच्या रस्त्यावर गेले. फाटकावर वॉचमन. साहेब झोपलेत, मॅडम बाहेर गेल्यात, उद्या या. सहा दिवसांत बारा फॉर्म झाले, तेही वॉचमननीच भरून दिले. मग मी घाबरले आणि आमच्या वस्तीत शिरले. आमच्याकडे दार उघडंच असतं. लोकांनी पाणी दिलं, बसायला दिलं, खरं सांगितलं. चार दिवसांत एकशे अठ्ठ्याऐंशी फॉर्म!

अहवालात छापून आलं की फास्ट फूडचं प्रमाण अल्प उत्पन्न गटात सर्वाधिक आहे. असणारच! दुसऱ्या गटाला विचारलंच कुठे होतं? मला ते वाचताक्षणी कळलं आणि मी मूग गिळून गप्प बसले. त्याची मला आजही लाज वाटते.

पण अहवालाला पाय फुटले. आरोग्य समितीने ठराव मांडला की दुकानाच्या बसायच्या खोलीचा परवाना पुढे चालू ठेवू नये, कारण बसायची सोय झाल्याने गरीब कुटुंबांना सवय लागते. गाड्यांच्या खिडकीबद्दल ठरावात अवाक्षर नव्हतं.

मी घरी सांगितलं. आईने हातातलं ताट खाली ठेवलं आणि एवढंच विचारलं, "मग मी बुधवारी कुठे बसू?"

मावशी मात्र माझ्यावर घसरली. "तू विचारलंस कोणाला?"

"ज्यांनी दार उघडलं त्यांना."

"वा गं शहाणे! म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि तो दोर तू वळून दिलास!"

ठरावावर लोकांच्या हरकती ऐकायला सभागृहात बैठक ठेवली होती. मावशीने हरकत नोंदवली. दुकानाच्या मॅनेजरने तिला आदल्या दिवशी बोलावून बजावलं, "तिथे तोंड उघडलंत तर हेडफोन परत करून जा. कंपनीला समितीशी भांडण नकोय." मावशी दुसऱ्या दिवशी दुकानाचा शर्ट आणि टोपी घालूनच, आईला सोबत घेऊन बैठकीला आली. मी म्हटलं, "टोपी तरी काढ." ती म्हणाली, "का? चोरून आणलीय का?"

समितीचे अध्यक्ष बोलायला उभे राहिले. गोरे, गुबगुबीत, कडक इस्त्रीचे. नाकाने कांदे सोलायला लागले. "या लोकांना कळत नाही हो. जिभेवर ताबा नाही, मिळकत सगळी खाण्यात घालवतात, मग आजारपणं आणि सरकारवर बोजा..." दुसऱ्याच वाक्याला मावशीने डोळे मिटले. मला वाटलं हिला चक्कर येतेय. ती कामावर ऐकते तशी ऐकत होती. मग तिने माझं मनगट असं दाबलं की बांगडी रुतली.

"तोच."

"कोण तोच?"

"गप्प बस आणि मला जाऊ दे."

तिच्या हातात माइक आला. ही आता त्या आवाजाचं नाव घेणार आणि सगळ्यांच्या गळ्याला फास लावणार, असं मला वाटलं. तिने नाव घेतलं नाही.

"कोण काय खातं ते आम्ही बाहेर सांगत नाही," ती म्हणाली. "दुकानाचा नियम आहे, आणि माझाही. पण किती खातात ते सांगते. खोलीत दिवसाला चाळीस माणसं येतात. गाड्या येतात तीनशे. खोलीतला माणूस छोटं पाकीट घेतो आणि दोन तास पुरवतो. गाडीतला एकटा माणूस दोघांचं खातो आणि दहा मिनिटांत निघून जातो. सवय कोणाला लागलीय? ही माझी बहीण. आठ तास उभी असते. तिला तुमचा बर्गर नको, खुर्ची हवीय. खोली बंद केलीत तर खाणं बंद होणार नाही, बसणं बंद होईल. तुम्हाला आमचं खाणं खुपतं की बसणं?"

मागून टाळ्या आल्या. मग ती माझ्याकडे वळली. "आणि ते सर्वेक्षण माझ्या भाचीने केलंय. ऊठ गं. बंगल्यांतले फॉर्म किती?"

मी उठले. "बारा."

"कितीपैकी?"

"दोनशे."

"ते बारा कोणी भरले?"

"वॉचमननी," मी म्हटलं. "साहेब घरचंच खातात, असं त्यांनी लिहून दिलं."

सभागृह हसलं. अध्यक्षांनी चष्मा सरसावला, समोरचे कागद चाळायला घेतले आणि मान वर न करता म्हणाले, "बाई, तुमची वेळ संपली. आटपा."

पुढे जे झालं ते सवयीने झालं, अशी शपथ मावशी आजही घेते. मी काही त्या शपथेवर विश्वास ठेवत नाही. तिने माइक ओठांजवळ घेतला आणि अकरा वर्षं मुरलेल्या गोड आवाजात म्हणाली, "धन्यवाद. आणखी काही?"

अध्यक्ष कागदांत बुडालेले होते. त्यांच्या समोरचा माइक चालू होता.

"टिश्यू जास्त," ते म्हणाले.

आधी पाकीट देणारी मुलगी फिसकन हसली. ती मागच्या रांगेत बसली होती. मग पुढच्या रांगेतले दोघे-चौघे खाली बघायला लागले, कारण मावशीचा तो आवाज आणि तो प्रश्न त्यांच्याही ओळखीचा होता. मग सगळं सभागृह. अध्यक्षांचे कान लालबुंद झाले. पहिल्याच खुर्चीवर त्यांच्या घरच्या बाई बसल्या होत्या. त्यांनी आधी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग पोटाकडे, आणि पर्सची चेन खर्रकन लावली.

ठराव बाजूला ठेवला गेला. सर्वेक्षण पुन्हा सगळ्या घरांत करायचं ठरलं. ते मला मिळालं नाही, आणि मिळू नयेच. खोली तशीच राहिली. मावशीकडून मात्र दुसऱ्याच दिवशी हेडफोन काढून घेतले. कागदावर कारण काहीतरी वेगळंच लिहिलं होतं. टोपी तिने मॅनेजरच्या टेबलावर उलटी ठेवली आणि "सांभाळा," म्हणून बाहेर पडली. मी घरी येऊन रडले. ती रडली नाही. "अकरा वर्षं ऐकून घेतलं," ती म्हणाली, "एकदा बोलले. महाग पडलं, पण माल चांगला निघाला."

आता ती लाँड्रीत आईच्या शेजारी उभी असते. पहिल्या पगाराच्या बुधवारी दोघी बसायच्या खोलीत गेल्या, मीही गेले. आई खांबाकडे वळली तर मावशीने तिला दंडाला धरून काचेजवळच्या टेबलाशी नेलं. तिथून गाड्यांची रांग समोर दिसते, आणि रांगेतून ते टेबल. मॅनेजर आतून बघत होता. बघण्यापलीकडे त्याला काही करता येणार नव्हतं.

मावशीने काउंटरवर जाऊन सगळ्यात मोठा बर्गर मागितला. नव्या मुलीने अदबीने विचारलं, "आणखी काही? टिश्यू देऊ?"

"एक पुरे," मावशी म्हणाली, दारापर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "मला काही लपवून घरी जायचं नाही."