कढई न चढलेलं घर

गेल्या आठवड्यात मागच्या गल्लीतल्या बाई आल्या. त्यांच्या यजमानांना नुकताच नागपूरला स्टेंट टाकलाय. मुलगी म्हणते, आई, आता एअर फ्रायर घे, तळण बंद कर. बाईंना कुणीतरी सांगितलं होतं की माझ्याकडे ते आहे.

"कसं हाय वो मॅडम? घेऊ का?"

मी त्यांना ओट्याजवळ नेलं, टोपली ओढून दाखवली. म्हटलं, लहान आहे, मला एकटीला पुरतं. पीठ पातळ असलं की जाळीतून गळतं. पंखा घरघरतो. मधेच लाईट गेली की आतलं धड कच्चंही राहत नाही, धड भाजलेलंही नाही. बाईंनी मान डोलावली, चहा घेतला आणि गेल्या. खरं सांगायचं ते मी सांगितलंच नाही. जिचा नवरा घरी जिवंत बसलाय तिला ते सांगवत नाही.

मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. यवतमाळात लोहाऱ्याच्या रस्त्याला आमचं घर आहे, आणि त्या भागातली निम्मी पोरं माझ्या हातचा मार खाऊन मोठी झाली. माझा स्वभाव कडक. हे म्हणजे माझे यजमान, माझ्या अगदी उलट. सरकारी कचेरीत नोकरी केली, पण जीव सगळा जेवणात. मी वडे तळायला बसले की हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहायचे, हात पुढे करून. पहिल्या घाण्यातला पहिला वडा त्यांचा. "मीठ पाह्यतो," म्हणायचे. तळहातावर गरम वडा या हातातून त्या हातात नाचवत, फू फू करत खायचे आणि मग निकाल द्यायचे. पस्तीस वर्षांत मी स्वतः कधी मीठ चाखून पाहिलं नाही, कारण त्याची गरजच पडली नाही.

एक रीत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमच्याकडे घरात कुणी गेलं की तेरा दिवस कढई चढत नाही. वरण, भात, पोळी, एखादी भाजी, एवढंच. तळण नाही. तेराव्या दिवशी वडे तळायचे, पान वाढायचं, मग सुतक फिटलं. त्यामुळे आमच्या आळीत बोलायची पद्धतच अशी की सणावारी एखाद्या घरातून तळणाचा वास आला नाही, तर बायका एकमेकींना विचारतात, त्यांच्याकडे कुणी गेलं का गं?

दारव्ह्याला ह्यांच्या भाचीचं लग्न होतं. जेवणाच्या पंगतीत बसल्या बसल्या ह्यांना घाम फुटला, छातीवर हात गेला. तिथून यवतमाळ, तिथून नागपूर. दोन स्टेंट टाकले. सुट्टी देताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, तेल कमी, मीठ कमी, रोज थोडं चालणं. कमी, असंच म्हणाले होते ते. ते काही बंद म्हणाले नव्हते. पण कमी म्हणजे नेमकं किती, हे मला मोजता येईना. शून्य मात्र मोजता येतं. मी घरात शून्य लावलं.

पुण्याहून मुलाने एअर फ्रायरचं यंत्र पाठवलं. त्याच दिवशी मी लोखंडी कढई घासून, पुसून, जुन्या साडीत गुंडाळून माळ्यावर टाकली. झारासुद्धा वर टाकला. हे खाली उभे राहून बघत होते.

"तिले काहून वर टाकून राह्यली? तिचा काय गुन्हा?"

"तुमच्या नजरेसमोर नको," मी म्हटलं.

पहिल्याच दिवशी मी मोठी चूक केली. कांद्याच्या भज्यांचं पीठ नेहमीसारखं कालवलं, सैलसर, आणि चमच्याने टोपलीत सोडलं. आमच्या हाताला भजी म्हणजे तेलात सोडायची वस्तू. हे यंत्र हवेवर चालतं आणि हवा काही पीठ धरून ठेवत नाही, हे डोक्यात आलंच नाही. सगळं बेसन जाळीतून खाली गळलं, खालच्या भांड्यात चिकटून करपलं, आणि वर उरल्या कांद्याच्या चार वाळक्या काड्या. ह्यांनी एक काडी उचलून उजेडात धरली.

"तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं," म्हणाले, आणि ती काडी चावून खाल्ली. मग दोघंही हसलो. त्या यंत्रापायी आम्ही मिळून हसलो ते तेवढंच.

नंतर मी शिकले. पीठ घट्ट मळायचं, गोळे दाबून चपटे करायचे, ब्रशने नावापुरतं तेल लावायचं. चेंडूसारखे गोल वडे त्यात होत नाहीत, झाले तर बाहेरून कडक खापरी आणि आतून ओलसर. ह्यांची वरची दातांची कवळी, तिला ती खापरी सोसवेना. हिवाळ्यात सांबारवड्या केल्या. कोथिंबिरीला आम्ही सांबार म्हणतो, आणि ही वडी म्हणजे तिचंच सारण पोटभर भरलेली गुंडाळी. यंत्रातून निघाली तेव्हा वरचं आवरण तडकलेलं आणि आतला सांबार गवतासारखा वाळलेला. ह्यांनी कढीत बुडवून, मऊ करून खाल्ली. नावं ठेवली नाहीत. त्यांनी नावं ठेवली असती तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं.

टोपलीत एका वेळी चार वडे मावत. पहिले चार ह्यांना द्यायचे, मग वीस मिनिटं मी उभी. माझे होईपर्यंत ह्यांचं जेवण संपलेलं, नाहीतर ताटातले गार झालेले. पस्तीस वर्षं आम्ही एकत्र जेवायला बसत होतो, ते बंद पडलं. एकदा हे पाटावरून उठता उठता म्हणाले, "हे एका माणसाचं यंत्र हाय वं. दोघांतलं एक गेलं की बरोबर पुरते."

मी म्हटलं, "अभद्र बोलू नका जी."

आणि त्याला आवाज नव्हता. म्हणजे पंख्याची घरघर होती, पण तेलात वडा पडल्यावर जो आवाज होतो, तो नाही. वास नाही. टोपली आत बंद, काय चाललंय ते दिसत नाही, मग एकदम शिट्टी वाजते आणि जे झालं असेल ते आपलं. हे आधी सवयीने दारात येऊन उभे राहायचे. मधे टोपली ओढली तर सगळंच अर्धकच्चं, चाखण्यासारखं काही नसायचं. मीठही मी चिमटीने टाकत होते, ते पाहायचं काय? हळूहळू त्यांनी दारात येणं सोडलं. समोरच्या खोलीत खुर्चीवर बसून राहायचे, शिट्टी वाजली की ताटावर यायचे. विजेची फुंकणी म्हणायचे त्या यंत्राला. "झाली का तुझी फुंकणी फुंकून?"

मग एक दिवस त्यांच्या रुमालावर मला तेलाचा डाग दिसला, पिवळा, रश्श्यावरच्या तर्रीचा. चालायला म्हणून जायचे ते नाक्यावरच्या टपरीवर, आलुबोंडा आणि वरून रस्सा. तिथे त्यांच्या वयाचे चारपाचजण जमायचे. मी रुमाल त्यांच्यासमोर धरला नाही. दुसऱ्या दिवशी ते चालायला निघाले, तशी मी चप्पल घातली आणि मागोमाग टपरीवर गेले. टपरीवाला माझाच जुना विद्यार्थी. हे तिथे बाकावर बसलेले, हातात प्लेट, बाजूला त्यांचे दोस्त.

मी त्या टपरीवाल्याला वर्गात बोलायचे तशा आवाजात सांगितलं, "आजपासून ह्यांना काही द्यायचं नाही. दिलंस तर ह्यांना काही झालं तर ते तुझ्या डोक्यावर." आणि ह्यांच्या हातातली प्लेट घेऊन कचऱ्याच्या डब्यात टाकली.

टपरीवाला "हो मॅडम" म्हणाला. हे उठले आणि माझ्या मागे मागे घरी आले, मी कोपऱ्यात उभ्या केलेल्या पोरासारखे. वाटेत एवढंच म्हणाले, "घरी सांगितलं असतं, वं. लोकांत कायले?"

त्यानंतर ते चालायला गेले नाहीत. डॉक्टरांनी सांगितलेल्या तीन गोष्टींतली ही एक, रोज थोडं चालणं, ती मी माझ्या हाताने बंद केली. मला त्या वेळी ते दिसलं नाही. मला फक्त माझा जय दिसत होता. शेजारपाजारी मी सांगत होते की वर्ष होत आलं, घरात तळणाच्या तेलाचा थेंब नाही. ह्यांचा पायजमा कमरेला दुमडून बांधावा लागत होता, तर मी म्हणत होते, बघा, वजन कसं उतरलं.

पोळ्याचा दिवस आला. आमच्या आळीत सकाळपासून सगळीकडे वडे, पुऱ्या चालल्या होत्या. खिडकीतून वास येत होता, तो माझ्या लक्षात आला म्हणून मी खिडकी लावली. हे खुर्चीवरून उठून खूप दिवसांनी स्वयंपाकघराच्या दारात आले.

"आपल्या घरी कोणी मेलं काय वं?"

"काय बोलता?"

"नाही, कढई चढून नाही राह्यली ना साल झालं, म्हणून इचारलं. सुतकबी तेरा दिवसांचं राह्यते."

मी टोपलीत चार वडे लावत होते. ते एकदम लहान आवाजात म्हणाले, "आयक ना. मले खायचं नाही. तू वडे तुझ्या फुंकणीतच कर, मी तेच खातो. फक्त कढई काढ, थोडं तेल तापव, एक वडा सोड आन् कुत्र्याले टाकून दे. मले नुसता वास येऊ दे."

मी त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नाही. म्हटलं, "वासानंच सुरुवात होते."

एवढं म्हणाले मी. चार शब्दसुद्धा नाहीत. वर्गात एखाद्याचं गणित चुकलं की ज्या आवाजात बोलायचे, त्याच आवाजात. हे "बरं" म्हणाले आणि जाऊन खुर्चीवर बसले. शिट्टी वाजल्यावर वडे कढीत बुडवून खाल्ले.

गणपती बसायच्या आधीच ते गेले. सकाळी पेपर वाचता वाचता मान खाली गेली. मला वाटलं डुलकी लागली. डॉक्टर म्हणाले, हृदयच. तेल खाल्लं असतं तर वाचले असते असं मी म्हणत नाही. मी एवढी खुळी नाही. पण तेल सोडूनही वाचले नाहीत, हेही तितकंच खरं, आणि त्या दोन्हींच्या मधे माझ्या हातात जे एक वर्ष होतं, त्याचं मी काय केलं, याचं उत्तर मला काढता येत नाही.

तेरा दिवस कढई चढली नाही. मला त्यात काही वेगळं वाटलंच नाही. घर जसं वर्षभर होतं तसंच होतं. ह्यांची धाकटी बहीण वणीहून येऊन राहिली होती. तेराव्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "वहिनी, कढई कुठं हाय?"

मी माळ्याकडे बोट दाखवलं. तिने स्टुलावर चढून साडीची गुंडाळी खाली काढली. कढईला बारीक गंज चढला होता. तिने राखेने घासली, तेल ओतलं, आणि झारा माझ्या हातात दिला. "तूच तळ. दादाले तुझ्याच हातचे आवडत."

पहिला वडा सोडला. तो तळाशी गेला, बुडबुडे आले, वर तरंगला. वर्षाने तो आवाज घरात झाला. लालसर झाल्यावर मी तो झाऱ्यावर घेतला, तेल निथळू दिलं, आणि दाराकडे वळून झारा पुढे केला. सवयीने.

दारात नणंद उभी होती. तिला वाटलं मी तिलाच चाखायला देतेय. "आज चाखायचं नसते वहिनी," ती हळूच म्हणाली. "आधी पान."

पान वाढलं. लोक जेवायला बसले. दुसऱ्या पंगतीला नणंद माझ्याजवळ येऊन कानात म्हणाली, "मीठ कमी झालं वं. पण कोणी बोलून नाही राह्यलं, राहू दे." वर्षभर चिमटीने मीठ टाकून हाताला तीच सवय लागली होती, आणि पाहणारा कुणी नव्हता.

दुपारी सगळे गेल्यावर मी समोरच्या खोलीत जाऊन त्यांच्या खुर्चीवर बसले. दारं खिडक्या उघड्या होत्या, तरी तळणाचा वास पडद्यांना, उशीला, भिंतीवरच्या फोटोच्या हाराला सगळीकडे बसला होता. त्यांनी नुसता वास मागितला होता. तो मी तेराव्या दिवशी दिला.