कानबाई निसटली तेव्हा

त्या वर्षी मी देवीशी कडकडून भांडले होते. माझी लेक धुळ्याच्या शाळेच्या ग्राउंडवरून निघाली ती मोठमोठ्या संघांत पगार घेऊन बास्केटबॉल खेळली. भल्याभल्यांच्या डोक्यावरून चेंडू टाकायची. बघताना माझा ऊर भरून यायचा. मग गुडघा गेला. ऑपरेशन झालं, चालायला लागली, पण डॉक्टर म्हणाले, खेळणं विसरा. शाळेने पोरींना शिकवायला बोलावलं, तर म्हणाली, “आई, मला चेंडू डोळ्यांसमोरसुद्धा नको.” दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायची. श्रावणात कानबाई बसवताना मी चिडून म्हटलं, बये, तुझं सगळं रीतीने करते, अन् माझ्या पोरीचं काय करून ठेवलंस तू?

तरी बसवलीच. घरातल्या माणसांच्या नावाने मूठ-मूठ गहू घेऊन नैवेद्याचे रोट केले. हे रोट भाऊबंदांशिवाय कोणी खात नाही. सोमवारी सकाळी नथ घातलेला, डोळे लावलेला तो नारळ, म्हणजे आमची कानबाई, पाटावर ठेवून डोक्यावर घेतली आणि विसर्जनाला पांझरा नदीकडे निघाले. लेकीला हट्टाने सोबत नेलं. घाटाच्या ओल्या पायरीवर माझा पाय सरकला, पाट कलंडला आणि देवी निसटली. “अगं माय!” एवढंच माझ्या तोंडून निघालं. तेवढ्यात गर्दीतल्या एका उंच पोरीने झेप घेऊन तिला वरच्या वर झेललं, एका हातात! सातपुड्याच्या पायथ्याची, आईबरोबर मजुरीला आलेली पोर. “पडू दिनी नही माय,” म्हणाली आणि हसली.

मी देवीला छातीशी धरून रडत होते. लेक मात्र त्या पोरीचा पंजा उलटसुलट करून बघत होती. “येशी का ग्राउंडवर?” तिने आमच्या बोलीत विचारलं. “येसू,” पोर म्हणाली. त्या संध्याकाळी लेकीने माळ्यावरचा चेंडू स्वतः काढून पुसला.

आता ती कोच आहे. थोडी लंगडते, पण तिचा आवाज घुमला की रस्त्यावरचे रिक्षावालेही वळून बघतात. ती उंच पोर तिच्या संघाची कप्तान. कोणी योगायोग म्हणेल, म्हणो बापडं. मी घट्ट धरलेलं निसटलं, पण कानबाईने झेलणारा हात आधीच आणून उभा केला होता. तेव्हापासून मी भांडत नाही, नुसता पदर पसरते.

यंदा रोटाचे गहू घेताना मी एक मूठ जास्त घेतली. जाऊबाई म्हणाल्या, “अहो, ही कोणाची?”

मी त्या पोरीचं नाव घेतलं.