संकलक: मी स्वतः

बागेच्या ग्रंथालयात पेन नेता येत नाही. दारातल्या टेबलावर तो काढून ठेवायचा आणि आत शिसपेन्सिल वापरायची. भंडाऱ्यातल्या ज्या कॉलेजात मी शिकलो, त्याची ही वनस्पतींची बाग. तिच्या कोपऱ्यात दोन खोल्या आहेत, एकीत पुस्तकं आणि दुसरीत लोखंडी कपाटं. कपाटांत वाळवून कागदावर चिकटवलेल्या वनस्पती, प्रत्येक शीटच्या उजव्या कोपऱ्यात लेबल. बागेच्या कार्यक्रमात मला माजी विद्यार्थी म्हणून बोलायचं होतं. मी निवृत्त मुख्याध्यापक, भाषणाला नाही म्हणणं आमच्या जातकुळीतच नाही. जुन्या नोंदवह्या चाळाव्यात, दोन गमती उचलाव्यात आणि टाळ्या घ्याव्यात, एवढ्यासाठीच मी गेलो होतो.

ग्रंथपाल बाई पस्तिशीच्या, स्वतः संशोधन करणाऱ्या. वहीत माझं नाव वाचलं आणि त्या खुर्चीवरून उठल्याच.

"सर, तुम्हीच का ते? थांबा, तुम्हाले तुमचीच एक गोष्ट दाखवतो."

त्यांनी एक शीट आणून माझ्यापुढे ठेवली. वीतभर उंचीची, बारीक पानांची वनस्पती, मुळं पंख्यासारखी पसरलेली. खाली माझं कॉलेजातलं वळणदार अक्षर. ठिकाण: सानगडीजवळचं जंगल, नाल्याकाठी. फुलाचा रंग: पांढरा. संकलक: मी स्वतः.

"आपल्या जिल्ह्यात या वनस्पतीची ही एकच नोंद आहे, सर. दोन पावसाळे झाले, मी सानगडीचे नाले पालथे घालून राहिली. पांढरं फूल काही दिसत नाही. तुम्ही एक डाव सोबत येऊन जागा दाखवाल काय?"

खरं सांगायची वेळ तीच होती. आजूबाजूला कोणी नव्हतं. पण मी चष्मा पुसला आणि म्हणालो, "येऊ की. रविवारी जाऊ."

आता खरं काय ते सांगतो. बी.एस्सी.ला पन्नास वनस्पतींची फाईल द्यावी लागे. वर्गाची सहल जंगलात गेली तेव्हा मी तापानं पडलो होतो. आई तेव्हा आंधळगावात लोकांच्या धानात निंदणाला जायची. मी तिला म्हटलं, जे तण उपटतेस त्यातलं वेगवेगळं घेऊन येत जा, पण मुळासकट. ती रोज आणू लागली. दिवसभर वाकून तण काढायचं, त्यातलं एखादं अख्खं झाड बाजूला ठेवायचं, मुळांचा चिखल पाटाच्या पाण्यात धुवायचा आणि ओल्या फडक्यात गुंडाळून भाकरीच्या डब्यात घालून आणायचं. एकदा एका झाडाचं मूळ तुटलं होतं, तर मी तिच्यावर खेकसलो. "अडाण्यावानी काहून उपटतं? मुळासकट म्हटलं होतं ना?" दुसऱ्या दिवशी ती तेच झाड पुन्हा घेऊन आली.

लेबलं लिहायला बसलो तेव्हा मला लाज वाटली. बाकीच्यांच्या फायलींत जंगलं होती, डोंगर होते. माझ्या फायलीत काय लिहायचं, दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत मजुरी करताना आईनं उपटलेलं तण? मी पन्नासच्या पन्नास झाडं जंगलात नेऊन ठेवली. फुलं घरी येईस्तोवर मिटून विटलेली असत, म्हणून रंगही अंदाजानं ठोकून दिले. सरांनी ती फाईल वर्गात फिरवली, सगळ्यांनी पाहावी म्हणून. त्यातल्या चांगल्या शीट बागेच्या संग्रहात गेल्या. आईनं त्या दिवशी विचारलं, "माह्यी झाडं पसंत आली काय रे सरायले?" मी "हो" म्हटलं आणि जेवायला बसलो.

रविवारी मी खरंच गेलो. सानगडीच्या पुढे एका नाल्याजवळ गाडी थांबवायला लावली आणि बोट केलं. "इथेच कुठेतरी." स्वतःच्या नालायकपणाची मला तिथे पहिल्यांदा भीती वाटली, कारण बोट अगदी सहज उठलं होतं. बाई साडी खोचून चिखलात उतरल्या. तास-दीड तास गवत बाजूला सारून एकेक रोप पाहत होत्या. मी काठावर उभा राहून त्यांची पिशवी सांभाळत होतो. मधून मधून म्हणत होतो, "बरीच वर्षं झाली ना आता."

परत येताना त्यांनी पाणी प्यायला घरी येऊ का म्हणून विचारलं. घरी आई होती. आता तिला कमी ऐकू येतं, पण नजर चांगली आहे. बाईंनी तिला मोबाइलवर शीटचा फोटो दाखवला आणि कानाशी वाकून सांगितलं, "आजी, हे झाड सरांनी जंगलातून आणलं होतं. आम्ही दोघं आज तेच शोधायला गेलो होतो. तुम्ही पायलं होतं काय कधी?"

आईनं फोटो जवळ धरला. तिनं ओळखलं, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. तिचं बोट त्या मुळांवरून फिरलं. मग तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मी खाली पाहिलं.

"नाई बाई," ती म्हणाली. "मले काय समजते त्यातलं? तो जाये जंगलात. त्यानंच आणलं असन."

माझं खोटं मी एवढी वर्षं एकट्यानं वाहिलं होतं. आता ते म्हाताऱ्या आईच्या तोंडून ऐकावं लागलं, आणि माझ्यापेक्षा सफाईनं. तेवढं मात्र मला सोसलं नाही.

"ती खोटं बोलते आहे," मी म्हणालो. "माझ्यासाठी. मी त्या जंगलात कधी गेलोच नव्हतो. हे झाड आईनं आणलं, आंधळगावच्या बांधीतून."

बाईंच्या पायांवरचा चिखल अजून वाळायचा होता. त्या एवढंच म्हणाल्या, "आज सकाळी तरी सांगायचं होतं, सर."

मग त्यांनी माझ्याकडे पाठ करून आईला विचारलं, आणि आईनं सगळं सांगितलं. तलावाखालची बांधी, आंब्याच्या झाडाकडचा धुरा, म्हणजे शेताचा बांध. "पांढरं नाई बाई, जांभळं फूल रायते. सकाळीच दिसते, दुपारून मिटून जाते. मी धुऱ्यावरचं उपटत नोहती, दिसाले बेस दिसे म्हून."

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही तिघं आंधळगावला गेलो. आईला हाताला धरून धुऱ्यापर्यंत नेलं. आंब्याचं झाड होतं. त्याच्या पलीकडे मुरूम पसरलेला होता, सपाट, त्यावर चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडलेले. तिथल्या एका माणसाला विचारलं, कधी भरलं हे? "याच उन्हाळ्यात," तो म्हणाला. "मागच्या सालापावतर धान होतं."

बाईंनी हिशेब मोठ्यानं केला नाही, पण मी केला. पहिल्या पावसाळ्यात त्या इथे आल्या असत्या, तर ते झाड इथे असतं.

मी भाषण रद्द केलं आणि ग्रंथालयात गेलो. ते लेबल फाडून नवीन लावा, म्हटलं. बाईंनी मान हलवली. जुनं लेबल कधीच काढत नाहीत. चूक असो, खोटं असो, ते शीटवर तसंच राहतं आणि दुरुस्तीची चिठ्ठी त्याच्या शेजारी चिकटवतात. ही चिठ्ठी मात्र पक्क्या शाईनं लिहायची. त्यांनी माझा पेन मला परत आणून दिला. मी लिहिलं: ठिकाण आंधळगाव, धानाच्या बांधीचा धुरा. फूल जांभळं. संकलक म्हणून आईचं पूर्ण नाव. खाली, जुनी नोंद खोटी आहे, असं लिहून सही. पन्नासांतल्या जेवढ्या शीट त्या कपाटात होत्या, तेवढ्या चिठ्ठ्या लिहिल्या. संध्याकाळ झाली.

घरी येऊन आईला सांगितलं, की आता सगळ्या कागदांवर तुझं नाव आहे. तिला नीट ऐकू गेलं नसावं म्हणून पुन्हा सांगितलं. तिनं तांदूळ निवडायचे थांबवून विचारलं, "आन तुह्यं? तुह्यं नाव खोडलं काय त्याहीनं?"

"नाही. ते काढत नाहीत. तसंच राहतं."

"बरं झालं बापा," ती म्हणाली, आणि पुन्हा तांदूळ निवडू लागली.