गिटार खूब बाजे

"दादा, गिटार खूब बाजे!" मी गर्दीतून ओरडलो आणि दोन्ही अंगठे वर केले.

स्टेजवरून उतरणाऱ्या शुभोदांचा चेहरा पडला. गिटार पोटाशी धरून ते निघून गेले.

शुभोदा आमचे वरच्या मजल्यावरचे शेजारी. काल संध्याकाळी हावड्याच्या रॉक कॉन्सर्टमध्ये ते वीस वर्षांनी वाजवणार होते. त्यांनी मला आधीच हिंदीत बजावलं होतं, "खरं सांगायचं. आवाज वाईट असला तर गिटार परत माळ्यावर."

आवाज छान होता हो! ड्रम्सच्या दणदणाटातही एकेक तार वेगळी ऐकू येत होती. म्हणून तर मी मुद्दाम बंगालीत बोललो. 'खूप भारी वाजतेय' म्हणजे 'खूब बाजे'च असणार ना?

माझी मुलगी जुई इकडे बंगालमध्येच वाढलेली. तिने कपाळाला हात लावला. "बाबा, बाजे म्हणजे वाईट! एकदम भंगार आहे, असं बोललास तू."

आम्ही त्यांना सगळीकडे शोधलं. फोनही बंद.

परक्या भाषेत कौतुक करताना तुमचं कधी असं झालंय? जरूर लिहा, मला जरा बरं वाटेल.

आज सकाळी शुभोदा गिटार घेऊन दारात उभे. जुईने सगळा घोटाळा समजावून सांगितला. ते हसले नाहीत.

"पण बाजेच होती," ते म्हणाले. "बाकीचे सगळे खोटं बोलले."

मग त्यांनी रात्री बदललेल्या तारा दाखवल्या आणि दारातच वाजवायला सुरुवात केली. मी फक्त मान डोलावली.