सातवी ‘ब’ आणि खडीसाखरेच्या पुड्या

अख्ख्या सातवी ‘ब’नं माझ्याकडून पुड्या घेतल्या आणि मुजावर मॅडम कपाळाला हात लावून बसल्या. पुड्यांत खडीसाखर होती. पण त्या तासापुरती ती नशेची गोळी समजायची, असं ठरलं होतं. मी विकायची, मुलांनी ‘नको’ म्हणायचं. सगळ्यांनी म्हटलं आणि सगळ्यांनी घेतली.

मंडईत माझा फळांचा गाळा आहे. मला नाना म्हणतात. चौथीनंतर शाळेत गेलो नाही आणि त्यावाचून माझं काही अडलं नाही. माझ्या गाळ्यावर थांबलेलं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं गेलं, असं कुणी दाखवून द्यावं.

मुजावर मॅडम नारायण पेठेतल्या एका शाळेत समुपदेशक आहेत, म्हणजे मुलांचं ऐकून घेणाऱ्या बाई. एकदा त्या पपई घ्यायला आल्या आणि दोन अननस घेऊन गेल्या. पपई राहूनच गेली. दुसऱ्या दिवशी परत हजर. मला वाटलं, भांडायला आल्या.

“नाना, काल मी तुम्हाला अननस नको म्हटलं होतं ना?”

“गोड निघाले का नाही?”

“निघाले.”

“मग?”

“मग माझ्या वर्गात या.”

झालं होतं असं, की शाळेमागच्या गल्लीत कुणीतरी सातवीच्या पोरांना व्हेप ओढायला दिलं होतं. व्हेप म्हणजे पेनासारखं दिसणारं वाफेचं यंत्र. वास फळांचा, आत नशा. पहिल्यांदा फुकट द्यायचं, पोरं मागायला लागली की दाम लावायचा. एका मुलाच्या दप्तरात ते सापडलं, तेव्हापासून मॅडम आठवड्याला एक पिरियड घेत होत्या. जीवनकौशल्य नाव. राग आवरणं, न घाबरता बोलणं, नाही म्हणणं. नाही म्हणण्याला त्या ‘रिफ्युजल स्किल’ म्हणतात. मंडईत त्याला नाव नाही. आम्ही ते होऊच देत नाही.

“ती माणसं तुमच्यासारखीच आधी चव देतात, नाना.”

मला राग आला. “मॅडम, मी कलिंगडाची फोड देतो!”

“म्हणून तर तुम्हाला बोलावतेय. त्यांना कसं बोलावू?”

गेलो. मुलांचं पाठांतर चोख होतं. डोळ्यांत बघायचं, ठाम आवाजात बोलायचं, कारण द्यायचं आणि नाही म्हणायचं. त्यातलं ‘कारण द्यायचं’ ऐकलं आणि मी निश्चिंत झालो. कारण म्हणजे दाराची फट. तिथूनच तर आम्ही आत शिरतो.

पहिला अथर्व. “नको काका, आई रागवेल.”

“रागवेलच. तिला विचारून ये. तोवर नुसती धर.”

त्यानं धरली. हातात गेलेला माल परत येत नाही, हा आमचा नियम आहे.

एक मुलगी म्हणाली, “माझा घसा दुखतोय.”

“अगं, घशालाच तर चांगली!”

मागची रांग जरा हुशार होती, हाताची घडी घालून बसलेली. मी आवाज खाली आणला. “बाळांनो, ते सगळं राहू द्या. हा गणपतीचा प्रसाद आहे.” सगळ्या रांगेचा उजवा हात पुढे आला. एकानं तर बूट काढले.

“नाना, प्रसाद म्हणजे फाउल!” मॅडम ओरडल्या.

“गल्लीतला माणूस तुम्हाला विचारून विकणार आहे का?”

त्यावर त्या कपाळाला हात लावून बसल्या. तेवढ्यात मुख्याध्यापक सर आत आले. त्यांना हा पिरियड स्कॉलरशिपच्या गणिताला हवा होता.

“शनिवारी पालकांसमोर याचा डेमो आहे, मॅडम. तिथं हेच झालं तर पिरियड बंद.”

मग मला दाराबाहेर नेऊन हळूच म्हणाले, “नाना, शनिवारी जरा हरा. शाळेच्या अब्रूचा प्रश्न आहे.”

“म्हणजे?”

“मुलं नको म्हणाली की पुडी खिशात घालायची.”

“साहेब, गिऱ्हाइकासमोर माल खिशात घालायची सवय नाही मला.”

“अहो, नाटक आहे ते!”

“मग नट आणा.”

मला वाटलं, मॅडम तरी विनवणी करतील. पिरियड त्यांचा जाणार होता. पण त्या म्हणाल्या, “हरू नका, नाना. तुम्ही खोटे हरलात तर ह्यांना बाहेर खरं कोण वाचवणार?” मला बाई आवडल्या. मी ठरवलं, शनिवारी अजिबात दया दाखवायची नाही.

शुक्रवारी त्या सगळा वर्ग घेऊन मंडईत आल्या. माझ्यासमोर, कांदेबटाट्याच्या बाजूला उभ्या राहिल्या. मी हाका मारल्या, पण कुणी आलं नाही. नुसते बघत होते. मला काय, बघणारं असलं की माझा आवाज चढतो. एक गृहस्थ म्हणाले, “फ्रीजमध्ये जागा नाही हो.” त्यांना मोसंबी दिली, ती बाहेरही टिकतात. एका ताईंना शुगर होती, त्यांना पेरू दिले. मग एक आजी आल्या. मी पेरूची फोड पुढे केली. “नको,” म्हणाल्या आणि चालत राहिल्या. पाऊलसुद्धा मंदावलं नाही. फोड मीच खाल्ली. समोर पोरं एकमेकांना कोपरानं ढोसत होती. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

शनिवारी हॉल भरला. मी इस्त्रीची टोपी घालून पुड्यांचं ताट घेऊन उभा. अथर्व आला. “नको,” म्हणाला आणि चालता झाला.

“अरे, का नको ते तरी सांग!”

त्यानं मागं वळून पाहिलं नाही. माझ्याकडे आईचं, घशाचं, पोटाचं, सगळ्याचं उत्तर तयार होतं. पण कारणच नाही तर उत्तर कुणाला देऊ? पुढची मुलं तशीच. नको, आणि चालू.

राहिला ओम. हळू बोलणारा, लाजरा मुलगा. दप्तरात व्हेप सापडलं तो हाच, हे मला मागाहून कळलं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “ओम, प्रसाद आहे रे. प्रसादाला नको म्हणतोस?” तो थांबला. त्याचा उजवा हात वर यायला लागला. मुजावर मॅडमनी ओढणीचा पार पीळ केला होता.

तेवढ्यात तनिष्का नावाची मुलगी दारातून माघारी आली. तिनं मला रीतसर नमस्कार केला, ओमचं कोपर धरलं, म्हणाली, “चल,” आणि घेऊन गेली. मी अर्धा शब्द बोललो, तोवर दोघं दाराबाहेर.

टाळ्या पडल्या. भरलेलं ताट घेऊन मी मधोमध उभा. मला ते मुळीच आवडलं नाही.

मॅडम हसत होत्या, तोवर सरांनी माइक घेतला. “पाहिलंत? किती सोपं आहे! एक शब्द बोलायचा आणि निघायचं. एवढ्यासाठी दर आठवड्याला पिरियड हवा का, याचा आपण विचार करू.”

मॅडमचं हसू गेलं. डेमो फसला असता तरी पिरियड बंद, जमला तरी बंद. मला आधीच कुणावर तरी राग काढायचा होता. मी ताट घेऊन सरांपाशी गेलो.

“साहेब, आपण जाणकार. ही खडीसाखर अस्सल आहे का हो? मला मेली शंका येतेय.”

सरांनी खडा तोंडात टाकला. चघळला. डोळे मिटून विचार केला आणि माइकवरच म्हणाले, “किंचित ओलसर आहे. पण माल चांगला.”

दारातून अथर्व ओरडला, “सर, ती नशेची गोळी आहे!”

हॉल कितीतरी वेळ हसत होता. सरही हसले, त्यांना दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. थुंकायचं की गिळायचं, हे मात्र त्यांचं बराच वेळ ठरेना.

पिरियड राहिला. गणिताला दुसरी जागा सापडली. आता मॅडम अधूनमधून पालकांसाठीही तास ठेवतात आणि ताट घेऊन मीच जातो. पालक मुलांपेक्षा फार सोपे जातात. शिकलेली माणसं, त्यांना कारणं खूप सुचतात.